लिनलिथगो, लॉर्ड व्हिक्टर अलेक्झांडर जॉन होप

(२४ सप्टेंबर १८८७–५ जानेवारी १९५२). स्कॉटलंडमधील उमराव, ब्रिटिश हुजूर पक्षाचा मुत्सद्दी आणि हिंदुस्थानचा व्हाइसरॉय (१९३६–४३). लिनलिथगोचा दुसरा मार्क्विस. शाही कृषी आयोगाचा अध्यक्ष, हिंदी घटनासुधारणाविषयक संयुक्त प्रवर समितीचा अध्यक्ष आणि अखेरीस व्हाइसरॉय अशा तीन नात्यांनी त्याचा हिंदुस्थानशी संबंध आला. त्याची सुमारे साडेसात वर्षांची कारकीर्द सर्व व्हाइसरॉयांत प्रदीर्घ ठरली. हिंदी शेतीचा त्याच्याइतका तपशीलवार परिचय करून घेऊन त्या पदावर आलेला दुसरा व्हाइसरॉय नव्हता; तथापि त्याच्याच कारकीर्दीच्या शेवटच्या वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. या विसंगतीचा उलगडा त्याच्या स्वभावात, त्याच्या राजकीय शिक्षणात आणि तो ज्या राज्ययंत्रणेचा प्रतिनिधी होता तिच्या मर्यादांत शोधावा लागतो.

घराणे व पूर्वायुष्य : होप घराण्याचा उत्कर्ष सतराव्या शतकात झाला. या घराण्यातील सर टॉमस होप हा पहिल्या चार्ल्स राजाचा स्कॉटलंडमधील सरकारी वकील होता. वकिली, जमिनी आणि लेडहिल्स येथील शिशाच्या खाणी यांतून घराण्याची संपत्ती वाढली व १७०३ मध्ये त्यास हॉपटनची अर्लशाही मिळाली. एडिंबरोच्या पश्चिमेस फोर्थ खाडीच्या काठी असलेले हॉपटन हाउस हे घराण्याचे निवासस्थान. मूळ वास्तू विल्यम ब्रूस याने व तिचा विस्तार विल्यम ॲडम याने केला. स्कॉटिश वास्तुशिल्पाचा तो एक उत्कृष्ट नमुना समजला जातो. व्हिक्टरचा जन्म याच वाड्यात झाला. व्हिक्टोरिया राणी ही त्याची धर्ममाता होती. त्याचा पिता जॉन होप हा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीचा गव्हर्नर (१८८९–९५) आणि पुढे ऑस्ट्रेलियन राष्ट्रकुलाचा पहिला गव्हर्नर जनरल (१९०१) झाला. १९०२ मध्ये त्यास लिनलिथगोचा मार्क्विस हा किताब मिळाला. साम्राज्याची सेवा हे या घराण्यात जवळजवळ कुलकर्तव्य मानले जात होते.

व्हिक्टरचे शिक्षण ईटन येथे झाले. पित्याच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो मार्क्विस झाला आणि मोठ्या जमीनजुमल्याची व्यवस्था त्याच्याकडे आली. शेती व पशुपैदास यांत त्याने मनापासून लक्ष घातले. १९११ मध्ये त्याचा विवाह सर फ्रेडरिक मिल्नर यांची कन्या डोरीन मॉड हिच्याशी झाला. त्यांना जुळे पुत्र व तीन कन्या अशी पाच अपत्ये झाली. पहिल्या महायुद्धात तो पश्चिम आघाडीवर लढला. युद्धानंतर त्याने राजकारणात प्रवेश केला. बोनार लॉ व बॉल्डविन यांच्या मंत्रिमंडळांच्या काळात तो नौदल खात्यात सिव्हिल लॉर्ड (१९२२–२४) होता. त्यानंतर दोन वर्षे त्याने पक्षसंघटनेचे उपाध्यक्षपद सांभाळले. वक्तृत्वापेक्षा समितीतील चिकाटीचे काम, कागदपत्रांचा बारकाईने अभ्यास व परस्परविरोधी मतांतून अहवाल सिद्ध करण्याचे कौशल्य यांमुळे त्याचे नाव पुढे आले.

शाही कृषी आयोग : १९२६ मध्ये हिंदी शेतीच्या पाहणीसाठी नेमलेल्या शाही आयोगाचे अध्यक्षपद लिनलिथगोकडे आले. सर गंगाराम, नगेंद्रनाथ गांगुली, मुंबई इलाख्यातील बी. एस. कामत इत्यादी हिंदी सभासद आयोगावर होते. आयोगाने देशभर प्रवास करून साक्षी नोंदविल्या आणि १९२८ मध्ये विस्तृत अहवाल सादर केला. सुधारित बियाणे, खते, जनावरांची पैदास व वैरण, जमिनीचे एकत्रीकरण, सहकारी पतपुरवठा, बाजारपेठा, ग्रामीण शिक्षण व आरोग्य अशा सर्व अंगांचा त्यात परामर्श घेतला होता. पुणे जिल्ह्यातील खेड्यांची पाहणी करून डॉ. हॅरल्ड मान यांनी दख्खनमधील जमिनीच्या तुकड्यांचा व शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचा जो प्रश्न १९१७ पासून मांडला होता, त्याच स्वरूपाचे चित्र आयोगाला देशभर आढळले. संशोधनास मध्यवर्ती दिशा देणारी संस्था असावी, या शिफारशीनुसार १९२९ मध्ये शाही कृषी संशोधन परिषद स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर तीच भारतीय कृषी अनुसंधान परिषद म्हणून कार्य करू लागली. लिनलिथगोच्या कार्याचा हा सर्वांत टिकाऊ भाग होय.

तथापि आयोगाच्या कार्यकक्षेतून एक विषय आरंभीच वगळण्यात आला होता. जमिनीची मालकी, कूळपद्धती, शेतसारा व पाणीपट्टी यांविषयी शिफारशी करण्याची त्यास मुभा नव्हती. परिणामतः बियाण्यापासून वळूपर्यंत सर्व गोष्टींची चिकित्सा झाली. परंतु पिकाचा किती भाग कसणाऱ्याच्या घरात राहतो, हा प्रश्न चर्चेबाहेर राहिला. बंगालमधील कायमधाऱ्याची जमीनदारी, भागाने शेती करणारे कूळ आणि भूमिहीन मजूर यांच्या स्थितीचे मूळ नेमके याच प्रश्नात होते. लिनलिथगोने ही मर्यादा तक्रार न करता स्वीकारली. दिलेल्या चौकटीत उत्तम काम करावे, चौकटीला हात लावू नये, ही त्याची कार्यपद्धती येथे प्रथम स्पष्ट होते.

संयुक्त प्रवर समिती : गोलमेज परिषदांनंतर ब्रिटिश शासनाने मांडलेल्या घटनाविषयक प्रस्तावांचा विचार करण्यासाठी १९३३ मध्ये पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त प्रवर समिती नियुक्त झाली. लिनलिथगो तिचा अध्यक्ष होता. तेजबहादुर सप्रू, मु. रा. जयकर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर इ. हिंदी प्रतिनिधींनी तिच्या कामकाजात भाग घेतला. हुजूर पक्षातील विन्स्टन चर्चिलच्या गटाने हिंदुस्थानला कोणतेही वाढीव अधिकार देण्यास कडवा विरोध केला होता. चर्चिलने समितीचे सभासदत्व नाकारून तिच्यापुढे विरोधी साक्ष दिली. दीड वर्षाच्या परिश्रमानंतर, नोव्हेंबर १९३४ मध्ये, समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच्या आधारे १९३५ चा हिंदुस्थान शासन अधिनियम संमत झाला. प्रांतांना उत्तरदायी शासन आणि केंद्रात ब्रिटिश प्रांत व संस्थाने यांचे संघराज्य, ही त्याची दोन मुख्य अंगे होती. मात्र संरक्षण व परराष्ट्र व्यवहार व्हाइसरॉयच्या हाती राखून ठेवले होते. याच काळात लिनलिथगो वैद्यकीय संशोधन परिषदेचाही अध्यक्ष (१९३४–३६) होता. यापूर्वी त्याने मद्रासचे गव्हर्नरपद व ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरलपद नाकारले होते. आपण घडविण्यास हातभार लावलेली राज्यघटना अंमलात आणण्याचे कार्य मात्र त्याने स्वीकारले आणि १८ एप्रिल १९३६ रोजी लॉर्ड विलिंग्डननंतर व्हाइसरॉयपदाची सूत्रे हाती घेतली.

प्रांतिक स्वायत्तता व संघराज्य : कारकीर्दीच्या आरंभी त्याने ग्रामीण प्रश्नांना अग्रक्रम दिला. उत्तम पैदाशीचे वळू स्वतः विकत घेऊन त्याने ते दिल्ली परिसरातील खेड्यांसाठी दिले व जमीनदारांनीही तसे करावे, असे आवाहन केले. लेडी लिनलिथगोच्या पुढाकाराने क्षयरोगनिवारणासाठी देशव्यापी निधी जमविण्यात आला व १९३९ मध्ये भारतीय क्षयरोग संघटना स्थापन झाली.

१९३६–३७ च्या हिवाळ्यातील निवडणुकांत काँग्रेसला मोठे यश मिळाले. पण गव्हर्नर आपले विशेष अधिकार दैनंदिन कारभारात वापरणार नाहीत, असे आश्वासन मिळाल्याखेरीज मंत्रिपदे न स्वीकारण्याचा पवित्रा तिने घेतला. २२ जून १९३७ रोजी लिनलिथगोने काढलेल्या समजुतीच्या पत्रकाने हा पेच सुटला. जुलैमध्ये वर्धा येथे काँग्रेस कार्यकारिणीने अधिकारस्वीकारास संमती दिली. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे, तर मध्य प्रांत व वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. पुढील दोन वर्षांत प्रांतिक स्वायत्ततेचा प्रयोग बऱ्याच अंशी यशस्वी झाला, याचे काही श्रेय लिनलिथगोच्या संयमास दिले पाहिजे.

संघराज्याच्या बाबतीत मात्र त्यास अपयश आले. संस्थानांच्या एकूण लोकसंख्येपैकी निम्मी लोकसंख्या असलेली आणि वरिष्ठ सभागृहातील संस्थानांच्या १०४ जागांपैकी किमान ५२ जागांची धनी असलेली संस्थाने सामील झाल्याशिवाय संघराज्य अस्तित्वात येणार नव्हते. लिनलिथगोने संस्थानिकांकडे आपले दूत पाठविले, सवलतींचे मसुदे तयार केले, पण वाटाघाटी लांबत गेल्या. जून १९३९ मध्ये मुंबईत जमलेल्या संस्थानिकांनी अखेरच्या अटी असमाधानकारक ठरविल्या. काँग्रेस व मुस्लिम लीग यांचाही भिन्न कारणांनी या योजनेस विरोध होता. युद्ध सुरू होताच, ११ सप्टेंबर १९३९ रोजी, संघराज्याची तयारी स्थगित करण्यात आली.

युद्ध व राजकीय कोंडी : ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, त्याच दिवशी लिनलिथगोने हिंदुस्थानही युद्धात असल्याची उद्‌घोषणा केली. कायद्याच्या दृष्टीने ही कृती बिनचूक होती. तथापि केंद्रीय विधिमंडळ, प्रांतिक मंत्रिमंडळे किंवा राष्ट्रीय नेते यांपैकी कोणाचाही सल्ला घेतलेला नव्हता. फॅसिझमविषयी काँग्रेसच्या मनात सहानुभूती नव्हती. आक्षेप होता तो चाळीस कोटींच्या देशाला न विचारता युद्धात ओढण्याला. यानंतर लिनलिथगोने ५२ नेत्यांच्या भेटी घेतल्या. परंतु १७ ऑक्टोबरच्या निवेदनात युद्धोत्तर विचारविनिमय व सल्लागार मंडळ यांपलीकडे काहीच नव्हते. काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. अशा रीतीने स्वायत्ततेचा जो प्रयोग त्याने जपला होता, तो बहुसंख्य प्रांतांत त्याच्याच एका निर्णयाच्या परिणामी संपुष्टात आला.

जानेवारी १९४० मध्ये मुंबईच्या ओरिएंट क्लबमधील भाषणात त्याने वेस्टमिन्स्टर कायद्याच्या धर्तीचे वसाहतीचे स्वराज्य हे ब्रिटनचे उद्दिष्ट असल्याचे सांगितले. ८ ऑगस्ट १९४० च्या प्रस्तावात (ऑगस्ट ऑफर) कार्यकारी मंडळाच्या विस्ताराची व युद्धानंतर घटना बनविण्यासाठी हिंदी प्रतिनिधींच्या मंडळाची ग्वाही होती. परंतु राष्ट्रीय जीवनातील मोठे व प्रबळ घटक ज्या शासनाचा अधिकार मानत नाहीत, त्याच्या हाती सत्ता सोपविली जाणार नाही, असेही त्यात म्हटले होते. पाच महिन्यांपूर्वीच लाहोरचा ठराव करणाऱ्या मुस्लिम लीगला या वाक्याने नकाराधिकारासारखे बळ मिळाले. काँग्रेसने प्रस्ताव फेटाळला व ऑक्टोबरमध्ये विनोबा भावे यांच्यापासून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ झाला.

१९४१ मध्ये कार्यकारी मंडळाचा विस्तार होऊन त्यात हिंदी सभासद बहुसंख्य झाले. लोकनायक मा. श्री. अणे, पुढे डॉ. आंबेडकर (मजूर खाते, १९४२) व डॉ. खरे (१९४३) यांचा त्यात समावेश झाला. गृह, अर्थ व संरक्षण ही खाती मात्र ब्रिटिशांकडेच राहिली. मार्च १९४२ मध्ये सर स्टॅफर्ड क्रिप्स नवी योजना घेऊन आले. कार्यकारी मंडळास मंत्रिमंडळाचे स्वरूप देण्याविषयी क्रिप्स व काँग्रेस यांच्यात जी बोलणी झाली, ती आपल्याला डावलून चालल्याची लिनलिथगोची भावना झाली व तसे त्याने लंडनला कळविले. ज्या चर्चिलच्या विरोधाला तोंड देत त्याने १९३४ चा अहवाल पुरा केला होता, तोच आता पंतप्रधान होता आणि व्हाइसरॉयच्या सावधपणात त्याला आपल्या धोरणाचा आधार सापडला.

छोडो भारत आंदोलन : ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेस महासमितीने छोडो भारत ठराव संमत केला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजी व कार्यकारिणीचे सभासद यांना पकडण्यात आले. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये व कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. अटकेची योजना आधीच सिद्ध होती. देशभर उसळलेल्या उठावाचे वर्णन १८५७ नंतरचे सर्वांत गंभीर बंड, असे लिनलिथगोने चर्चिलला पाठविलेल्या तारेत केले. लष्कराचा व काही ठिकाणी विमानांतून गोळीबाराचाही वापर करून उठाव दडपण्यात आला. वर्षअखेरपर्यंत ६०,००० हून अधिक लोकांना अटक झाली होती.

या हिंसेची जबाबदारी शासनाने गांधीजींवर टाकली. तिचा प्रतिवाद म्हणून गांधीजींनी १० फेब्रुवारी १९४३ पासून आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण केले. उपोषणाच्या काळापुरते मुक्त करण्याची शासनाची तयारी त्यांनी नाकारली. त्यांची प्रकृती चिंताजनक होऊनही लिनलिथगो बधला नाही. उपोषणाकडे तो राजकीय दडपणाचे साधन म्हणून पाहत होता. अणे, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार या तीन सभासदांनी कार्यकारी मंडळाचे राजीनामे दिले. गांधीजी उपोषणातून वाचले. पण व्हाइसरॉय व राष्ट्रीय चळवळ यांच्यातील उरलासुरला संवाद संपला.

बंगालचा दुष्काळ : मार्च १९४२ मध्ये रंगून पडल्यावर ब्रह्मदेशाचा तांदूळ येणे बंद झाले. जपानी आक्रमणाच्या भीतीने बंगालच्या किनारी भागातील होड्या काढून घेण्यात आल्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूर परिसरास चक्रीवादळाचा तडाखा बसला. युद्धखर्चामुळे चलनवाढ झाली, साठेबाजी वाढली आणि प्रांतांनी परस्परांकडे होणारी धान्याची वाहतूक रोखली. १९४३ च्या उन्हाळ्यापर्यंत तांदळाचे भाव मजूर, कोळी व लहान कारागीर यांच्या आवाक्याबाहेर गेले. धान्याच्या तुटीइतकाच क्रयशक्तीचा लोप हा या दुष्काळाचे कारण होता, हे पुढे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. १९४५ मध्ये चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख मानली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज २० ते ३० लाखांपर्यंत जातात.

लिनलिथगो या काळात पूर्णतः निष्क्रिय होता, असे म्हणता येत नाही. डिसेंबर १९४२ मध्ये केंद्रात स्वतंत्र अन्नखाते निर्माण झाले होते. धान्य आणण्यासाठी जहाजांची मागणीही त्याने लंडनकडे वारंवार केली. ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाने ती बव्हंशी नाकारली व ऑगस्ट १९४३ मध्ये मागणीच्या मानाने अल्प धान्य देऊ केले. या नकाराची जबाबदारी चर्चिल व त्याच्या सहकाऱ्यांवर पडते. परंतु देशातल्या देशात जे करता येण्यासारखे होते, तेही वेळेवर झाले नाही. अन्न हा प्रांतिक विषय असल्याने बंगालच्या मंत्रिमंडळाचे अधिकार बाजूला सारण्यास, तसेच धान्य शिल्लक असलेल्या प्रांतांवर सक्ती करण्यास तो कचरला. राजकीय उठाव मोडताना प्रांतिक स्वायत्ततेचा असा अडथळा त्यास जाणवला नव्हता. मुंबई शहरात मे १९४३ मध्येच शिधावाटप सुरू झाले होते. यावरून शासनाने मनावर घेतल्यास काय शक्य होते, हे दिसते. कलकत्त्याच्या रस्त्यांवर प्रेते पडत असतानाही व्हाइसरॉय बंगालमध्ये गेला नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याच्या जागी आलेल्या लॉर्ड वेव्हेलने अधिकारग्रहणानंतर आठवड्याभरात कलकत्ता गाठले आणि अन्नवाहतूक व मदतकार्य यांसाठी लष्कराची योजना केली.

उत्तरायुष्य : मायदेशी परतल्यावर लिनलिथगोला गार्टर हा सर्वोच्च सन्मान मिळाला. यापूर्वी १९२८ मध्ये तो स्कॉटलंडच्या थिसल या सन्मानाचाही मानकरी झाला होता. युद्धाची झळ त्याच्या घरालाही लागली होती. त्याचा ज्येष्ठ पुत्र १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडून कोल्डिट्झच्या किल्ल्यात युद्धकैदी होता. १९४५ पासून लिनलिथगो मिडलँड बँकेचा अध्यक्ष व १९४६ पासून एडिंबरो विद्यापीठाचा कुलपती होता. वेस्ट लोदियन परगण्याचा लॉर्ड लेफ्टनंट म्हणून १९२९ पासून असलेली जबाबदारी त्याने अखेरपर्यंत सांभाळली. हॉपटन येथे शिकारीस गेला असता त्याचे आकस्मिक निधन झाले. लॉर्ड ग्लेन्डेव्हन झालेला त्याचा दुसरा पुत्र जॉन होप याने पित्याच्या हिंदुस्थानातील कारकीर्दीचे समर्थन करणारा ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध केला.

मूल्यमापन : लिनलिथगो कष्टाळू, सचोटीचा व वैयक्तिक महत्त्वाकांक्षेपासून बराच दूर होता. त्याच्या काळात हिंदुस्थानातून सुमारे पंचवीस लाखांचे स्वयंसेवी सैन्य उभे राहिले. ब्रिटिश युद्धप्रयत्नांच्या दृष्टीने त्याची कारकीर्द यशस्वी मानली जाई. तथापि त्याची सारी राजकीय घडण समितीच्या खोलीत झाली होती. तेथे कार्यकक्षा दुसऱ्याने आखलेली असते, साक्षी क्रमाने येतात आणि निर्णयाला मुदत असते. १९३९ नंतरच्या हिंदुस्थानात ही तिन्ही गृहीते नाहीशी झाली होती. कृषी आयोगाला जमिनीच्या मालकीचा प्रश्न वर्ज्य होता, १९३५ च्या घटनेला खऱ्या सत्तांतराचा प्रश्न वर्ज्य होता. लिनलिथगोने हे वर्ज्य विषय कधी ओलांडले नाहीत आणि नेमके तेच विषय त्याच्या काळाने ऐरणीवर आणले. तो परतल्यानंतर चार वर्षांच्या आत ब्रिटिश सत्ता संपुष्टात आली. संघराज्य, वसाहतीचे स्वराज्य व काँग्रेस-लीग समेट यांपैकी त्याची कोणतीच योजना शिल्लक उरली नाही. कृषी संशोधनाची त्याच्या आयोगाने सुचविलेली संस्था मात्र स्वतंत्र भारतात वाढली आणि साठोत्तर काळात गहू व भात यांच्या सुधारित वाणांच्या प्रसारात तिने महत्त्वाचा वाटा उचलला.